लाल ठिपका

सीडी हातात आली की ताई आधी खिडकीशी जायच्या. कडा दोन बोटांत धरून, एक डोळा मिटून, त्या ती उजेडात हळूहळू कलती करायच्या आणि म्हणायच्या, "दिसायला ठीक आहे." मग ती संगणकावर उतरवून, हेडफोन लावून अख्खी ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ऐकायला बरं आहे." आता सुटलो, असं समजून मी पुढच्या सीडीला हात घालते न घालते तोच तिसरं वाक्य यायचं. "पण बरोबर आहे का?"

या तिसऱ्या वाक्यानं मला दोन वर्षं छळलं. आता छळायला त्या नाहीत आणि मला राग आवरत नाही. हा राग त्यांच्यावरचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. कुणावरचा आहे ते पुढे येईलच, आणि त्या यादीत मीही आहे.

शनिवार पेठेत आमचं संगीताचं एक जुनं ग्रंथालय आहे. तिथे पूर्णवेळ काम करणारी मी एकटी, बाकी सगळे पदाधिकारी. मागच्या खोलीत चार कपाटं भरून सीड्या होत्या. कुणाचे वडील गेले, कुणी फ्लॅट लहान घेतला, कुणाचा मुलगा म्हणाला हे आता कोण ऐकतं, की पिशवी भरून आमच्याकडे यायची. एके दिवशी समितीनं ठराव केला की त्या खोलीत अभ्यासिका काढायची. स्पर्धा परीक्षेची मुलं पेठेत जागा शोधत फिरत असतात, तेव्हा ठरावाला माझा विरोध नव्हता. सीड्यांचं काय, तर त्या संगणकात उतरवायच्या आणि काढून टाकायच्या. "अहो, एवढ्याशा डबीत सगळं मावतं," कार्यवाह दोन बोटांनी माप दाखवत म्हणाले. जणू मावतं की नाही एवढाच प्रश्न होता.

मी कामाला लागले. सीडी आत टाकायची, बटण दाबायचं, चार मिनिटांत गाणी संगणकात. दिवसाला साठ साठ सीड्या उरकत होते आणि संध्याकाळी आकडा फळ्यावर लिहीत होते. मला फार अभिमान होता त्या आकड्याचा.

ताई आमच्या सभासद. दर गुरुवारी धायरीहून बसनं यायच्या, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून दोन तास ऐकायच्या आणि वही काढून काहीतरी टिपून जायच्या. पिंपरीकडच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात तीस वर्षं त्या इन्स्पेक्शनला होत्या. म्हणजे दुसऱ्यांनी केलेला माल तपासायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. अशा माणसांना कारखान्यात मित्र नसतात, असं त्याच एकदा हसत म्हणाल्या होत्या.

त्या गुरुवारी मी त्यांना सीडीऐवजी संगणकावरची नवी फाइल लावून दिली. पाच मिनिटांत त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मॅडम, इथे टिक् झालं."

"जुनी सीडी आहे हो, ताई."

"सीडीत टिक् नाही. मागच्या महिन्यात मी हीच ऐकलीय."

मी सीडी प्लेअरवर लावून दाखवली. खरंच टिक् नव्हतं. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं आणि म्हणून मी चिडले. "एवढ्याशा टिकनं काय होतं? गाणं तर सगळं आहे!"

त्या मुळीच चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "सीडीवर ओरखडा असला ना, तरी प्लेअर गाणं थांबवत नाही. आजूबाजूचे सूर बघून अंदाज बांधतो आणि मधला खड्डा बुजवतो. आपल्याला कळत नाही. तुमच्या संगणकानं घाईत वाचलं, त्याचा अंदाज फसला, म्हणून टिक् ऐकू आलं. टिक् ऐकू आलं ते बरं झालं. जिथे अंदाज जमला, तिथलं काय?"

"तिथलं काय?"

"तिथे गाणं नाही, संगणकाचा अंदाज आहे. आणि सीडी तुम्ही टाकून देणार."

एवढंच होतं बघा सगळं. ऐकताना प्लेअरनं खड्डा बुजवला तर बुजवू दे, मूळ सीडी कपाटात असते. पण सीडी फेकायची असेल तर मागे उरणारी फाइल चुकून चालणार नाही. ती चुकली तर ते गाणं कायमचं चुकलं. ही साधी गोष्ट संगीतावर व्याख्यानं देणाऱ्या आमच्या नऊ पदाधिकाऱ्यांपैकी एकालाही सुचली नव्हती. मलाही नाही.

पुढच्या गुरुवारी त्या पिशवीतून सीडी वाचायचा दुसरा ड्राइव्ह घेऊन आल्या. शेजाऱ्यांच्या बंद पडलेल्या संगणकातून काढून आणलेला, वेगळ्या बनावटीचा. त्यांनी हे सगळं स्वतः वाचून शिकून घेतलं होतं, इंग्रजी शब्दांचे अर्थ वहीत मराठीत लिहून. पद्धत अशी की एक सीडी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर, हळू वेगानं, दोनदा वाचायची. प्रत्येक गाण्याला संगणक एक लांबलचक आकडा देतो. गाण्यात कणभर फरक असला तरी आकडा पार बदलतो. दोन्ही आकडे जुळले तर सीडीच्या डबीवर हिरवा ठिपका, नाही जुळले तर लाल, आणि सीडी पुसून पुन्हा पहिल्यापासून. ठिपक्यांचे कागद त्यांनी अप्पा बळवंत चौकातून आणले होते. नापास झालेली फाइल त्या तिथल्या तिथे पुसून टाकायच्या. "रिजेक्ट माल टेबलावर ठेवायचा नाही मॅडम, कधी चांगल्यात मिसळतो कळत नाही."

शिवाय इंटरनेटवर एक यादी आहे. जगभरातले हौशी लोक आपापल्या सीड्यांचे आकडे तिथे जमा करतात. आपला आकडा तिथल्या आकड्याशी जुळला की आपण बरोबर वाचलं याची खात्री. ताई त्यांना साक्षीदार म्हणायच्या. एका जुन्या नाट्यगीतांच्या सीडीला यादीत सात साक्षीदार निघाले, तेव्हा त्या कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होत्या. "कुठे कुठे बसून लोक हेच ऐकतायत बघा," असं म्हणून त्यांनी डबीवर ठिपका लावला आणि अंगठ्यानं दाबला.

त्यांच्या शिस्तीला मी सुरुवातीला फार हसायची. भाकरी-ठेचा खाल्ल्यावर साबणानं हात धुऊन, ते वाळेपर्यंत दोन्ही पंजे हवेत धरून बसायच्या. मी सीडी गोल गोल पुसायला लागले की ओरडायच्या, "ताट आहे का ते? मधून बाहेर पुसा, सरळ!" एकदा कार्यवाहांनी बोलता बोलता एका सीडीवर चहाचा कप ठेवला. ताई उठल्या, कप उचलला, कार्यवाहांच्या हातात दिला आणि सीडी घेऊन खिडकीशी गेल्या. कार्यवाह तो कप हातात धरूनच बाहेर गेले.

समितीला मात्र घाई होती. बैठकीला ताईंना बोलावलं. बसायला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

"दिवसाला किती होतात बाई तुमच्या?"

"आठ. चांगला दिवस असला तर दहा."

"अहो, आमच्या मॅडम एकट्या साठ करत होत्या!"

"हो. त्यांच्या पहिल्या साठातल्या एकवीस परत कराव्या लागल्या."

मी टेबलाकडे बघत बसले. एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना राग-संगीतातलं सगळं कळतं असं ते स्वतः सांगतात, ते म्हणाले, "सामान्य कानाला एवढा फरक कळत नाही हो."

"कान तुमचा-माझा आहे सर. तो म्हातारा होतोय," ताई म्हणाल्या. "फाइल पुढच्यांसाठी करताय ना?"

त्याच बैठकीत त्यांनी एक गोष्ट इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली. हिरवा ठिपका लागला तरी मूळ सीड्या निदान वर्षभर काढायच्या नाहीत. "पार्ट पास झाला म्हणून कुणी ड्रॉइंग फाडून टाकतं का?" कार्यवाहांनी लिहून घेतलं. सुंदर अक्षर आहे त्यांचं.

आता एका खोक्याकडे येते. बुटांच्या एका खोक्यात अकरा सीड्या होत्या. धायरीत पूर्वी एक लहानसा स्टुडिओ होता, तो बंद पडला तेव्हा मालकानं आणून दिलेल्या. छापील कव्हर नाही, मार्करनं लिहिलेली नावं. धायरी-खडकवासल्याकडच्या लोकांनी हौसेनं गाऊन घेतलेली गाणी, कुणाची भजनं, कुणाची लग्नातली, आणि विहारातल्या बायकांनी बसवलेली जयंतीची. ते ज्येष्ठ सदस्य खोक्यात डोकावून म्हणाले, "हेही आपल्या संग्रहात धरायचं का? मिरवणुकीतली गाणी ही."

ताई म्हणाल्या, "मिरवणुकीत तुम्हाला नुसता लाउडस्पीकर ऐकू येतो सर. इथे गाणी ऐका."

सदस्य हसले, बाकीचे हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. तेव्हा न बोलल्याची लाज मला आजही वाटते, आणि 'आपल्या' हा शब्द त्या गृहस्थांनी कोणत्या अर्थानं वापरला ते मला त्याच वेळी पक्कं कळलं होतं. यादीत त्या खोक्याचा विभाग 'इतर' असा पडला.

खोक्यातल्या सातव्या सीडीवर चौथं गाणं ताईंच्या थोरल्या बहिणीचं होतं. त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून विहार हे त्यांच्या घरचंच अंगण. बहीण अंगणवाडीत कामाला होती. संध्याकाळी विहारात बायका जमवायची, गाणी रचायची, बसवायची. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरची सीडी जागा बदलताना हरवली होती. म्हणजे आक्काचा आवाज आता त्या एका सीडीवरच होता. हे ताईंनी मला सांगितलं तेही पुसायचं कापड धुता धुता, पाठमोऱ्या.

आणि नेमक्या त्याच सीडीवर ओरखडा होता. बाकीची गाणी जुळली. चौथं जुळेना. या ड्राइव्हवर एक आकडा, त्या ड्राइव्हवर दुसरा, पुन्हा वाचलं की तिसरा. जगाच्या यादीत ही सीडी असणं शक्यच नव्हतं, पन्नास-साठ प्रतीच निघाल्या होत्या तिच्या. "हिला साक्षीदार नाही," ताई म्हणाल्या. "मीच शोधते."

मग त्यांचे रविवार त्यातच गेले. घरोघर जाऊन विचारायच्या, आक्काच्या गाण्याची सीडी आहे का? लोक आधी चहा करायचे, मग टीव्हीखालचे खण उपसायचे. वाढदिवसाची सीडी निघायची, लग्नाची निघायची, कुणाची तरी एक्स-रेची निघाली. चार महिन्यांनी धायरी गावठाणातल्या एका घरात एक प्रत सापडली आणि लागोपाठ खडकवासल्याला दुसरी. दोन्ही वाचल्या. चौथ्या गाण्याचे आकडे जुळले, दोन्हींचे तंतोतंत.

त्या दिवशी त्यांनी लाडू आणले होते. अभ्यासिकेचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं, समिती रोज विचारत होती, आणि ताईंचा चेहरा मी एवढा फुललेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी ते गाणं संग्रहात टाकलं आणि सातव्या सीडीच्या डबीवर हिरवा ठिपका लावला. तिसरं वाक्य त्या दिवशी आलंच नाही. ते मी विचारायला हवं होतं. इतके दिवस शेजारी बसून मला तेवढं तरी यायला हवं होतं.

उद्घाटन झालं. फीत कापली, नारळ फुटला, "संपूर्ण संग्रह आता एका क्लिकवर" असं कार्यवाह म्हणाले. ताईंचं नाव आभाराच्या यादीत मांडववाल्याच्या नंतर आलं.

दीड महिन्यानं, सोमवारी, ताई दारात उभ्या. त्यांचा वार गुरुवार. त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, माझ्या हातून चुकीचा माल पास झाला."

झालं होतं असं. आक्काबरोबर गाणाऱ्या बायकांपैकी एक मावशी अजून आहेत, ऐंशीच्या घरातल्या, धायरीतच राहतात. ताईंनी मोबाइलवर त्यांना हौसेनं ते गाणं ऐकवलं. मावशींनी डोळे मिटून, मांडीवर ताल धरून ऐकलं. तिसऱ्या कडव्यापाशी त्यांचा हात थांबला.

"आगं, हितं ती हसली व्हती की."

"कोण?"

"तुझी आक्का. शब्द इसरली आन् हसली. आमी नुसत्या टाळ्या धरून ऱ्हायलो, मग तिनं फुडं उचाललं. मशीनवाला म्हनला परत घ्या. ती म्हनली ऱ्हाऊ द्या, माजंच हसू हाय ते. कुटं गेलं?"

ताई तिथून उठून थेट त्या दोन घरी गेल्या. धायरीच्या प्रतीवरून खडकवासल्याची प्रत काढलेली होती, भाऊबंदांची घरं ती. आणि धायरीची प्रतसुद्धा मूळ नव्हती. ती कुणीतरी एका सायबर कॅफेत, कुणाच्या तरी खराब झालेल्या सीडीवरून करून घेतलेली. त्या मशीननं ओरखड्याची जागा गाळून गाण्याचा पुढचा भाग मागच्याला चिकटवला होता, इतक्या सफाईनं की जोड कळत नव्हता. दोन साक्षीदार जुळले होते, कारण दोघांनी एकच चूक पाठ केली होती.

"मी विचारायला हवं होतं की तुमची कुठून आली," ताई म्हणाल्या. "कारखान्यात पहिली गोष्ट तीच विचारतात. मला घाई झाली. आक्काची होती म्हणून घाई झाली." मग त्यांनी पदर सावरला. "असू दे. सातवी सीडी काढा. ओरखड्याच्या खाली हसू असलंच पाहिजे. पुन्हा वाचते."

मी कपाटाकडे गेले नाही. मला माहीत होतं की कपाटात काही नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हिरव्या ठिपक्यांच्या सगळ्या सीड्या पोत्यांत भरून गेल्या होत्या. वर्षभराचा ठराव? "तो आपला तात्त्विक," कार्यवाह म्हणाले होते, आणि पोती दिल्याच्या कागदावर सही माझी होती. बघा, कशी गंमत आहे. सदोष सीड्या लाल ठिपक्यामुळे वाचल्या आणि आक्काची गेली ती ताईंच्याच हिरव्या ठिपक्यामुळे. हे त्यांना सांगावं कसं? मी सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोती कुठे गेली?" एवढंच त्यांनी विचारलं.

दोन पोती भंगारात. एक खजिनदारांनी घरी नेलं होतं. कशाला, ते आम्हाला सिंहगड रस्त्यावरच्या त्यांच्या सोसायटीत पोचल्यावर कळलं. तुम्हीही अशा गॅलऱ्या पाहिल्या असतील. नायलॉनच्या दोऱ्यांना चाळीस-पन्नास सीड्या टांगलेल्या, उन्हात गरगर फिरतायत. कबुतरं येऊ नयेत म्हणून. लोकांनी जन्मभर जपलेल्या, ग्रंथालयात विश्वासानं दिलेल्या सीड्या संगीत ग्रंथालयाच्या खजिनदारांच्या गॅलरीत कबुतरं हाकलत होत्या!

"फार त्रास आहे हो कबुतरांचा," खजिनदार म्हणाले.

ताई स्टुलावर चढल्या. एकेक सीडी कडेनं धरून, एक डोळा मिटून बघायला लागल्या. "गेली का कबुतरं?"

"छे हो. त्यांना सवय झालीय आता."

एकतिसावी की बत्तिसावी सीडी आक्काची निघाली. मार्करची अक्षरं उन्हानं फिकट पिवळी झाली होती. ताईंनी दातानं दोरा तोडला. खजिनदारांच्या पत्नी सरबत घेऊन आल्या होत्या, ते त्यांनी प्यायलं, ग्लास स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि "येते" म्हणाल्या. मी मात्र जिन्यात खजिनदारांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

अशा घरगुती सीड्यांना ऊन सोसत नाही. चार दिवस ताई त्या एका गाण्यापाशी बसून होत्या. सगळ्यात कमी वेग, एक ड्राइव्ह, मग दुसरा, मग पहिला थंड करून पुन्हा. पाचव्या दिवशी त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानांना लावले. तिसरं कडवं. आवाज चढतो, एका शब्दापाशी अडतो, आणि मग एक बाई हसते. मोठ्यानं नाही. स्वतःलाच पकडल्यासारखं, नाकातून. मागे टाळ्या चालू राहतात, आणि ती पुढचा शब्द उचलते. दोन सेकंदही नसेल. दोन्ही ड्राइव्हवर ते हसू सारखंच आलं होतं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी रडले. त्यांच्या आधी मीच रडले.

पण गाण्याची शेवटची ओळ मात्र गेली होती. पूर्वी ती नीट वाचली जात होती, आता उन्हानं खाल्ली होती. ती ओळ त्यांनी धायरीच्या प्रतीवरून घेऊन जोडली, आणि कोणत्या सेकंदापासून जोडली आहे ते कागदावर स्वच्छ लिहून फाइलीबरोबर ठेवलं.

"आता हिरवा ना?" मी विचारलं.

"नाही. हे बरोबर आहे असं मला म्हणता येणार नाही. हे जेवढं मिळालं तेवढं आहे." नव्या डबीवर त्यांनी ठिपका लावलाच नाही, चिठ्ठी चिकटवली.

यापुढचं लिहिताना मला अजून संताप येतो. संग्रहातली जुनी फाइल काढून ही नवी घालायची, एवढंच काम उरलं होतं. उद्घाटनानंतर त्याचा पासवर्ड समितीकडे गेला होता. ताईंनी अर्ज दिला. अर्जात पहिलं वाक्य होतं, "माझ्या चुकीमुळे." असं वाक्य आमच्या संस्थेच्या दप्तरात त्याआधी कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. उत्तर आलं, उद्घाटन झालेल्या संग्रहात बदल पुढील टप्प्यात करण्यात येतील. दुसरा अर्ज दिला. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, हसणं काढलेलंच बरं आहे, गाणं सलग वाटतं. तिसऱ्या अर्जाला उत्तरच नाही. ताईंचं एकच म्हणणं होतं, "माझी सही आहे हो त्या मालावर." दर गुरुवारी यायच्या, पिशवी ठेवायच्या आणि आधी विचारायच्या, "बदलली का?" मी मान हलवायची. मग त्या लाल ठिपक्यांच्या राहिलेल्या सीड्या घेऊन बसायच्या.

यंदा उन्हाळ्यात एका गुरुवारी त्या आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी त्यांच्या सुनेचा फोन आला.

संस्थेनं शोकसभा घेतली. ती अभ्यासिकेतच झाली, टेबलं भिंतीला लावून. कार्यवाह छान बोलले. ताईंची चिकाटी, ताईंची सेवा, ताई म्हणजे संस्थेचा कणा. ज्यांनी त्यांना बसा म्हटलं नव्हतं ते आता त्यांच्या फोटोला हार घालत होते. मावशींना कुणीतरी रिक्षानं आणून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. शेवटी कार्यवाह म्हणाले, "ताईंच्या भगिनींचं गीत आपल्या संग्रहातून ऐकून त्यांना निरोप देऊ या," आणि क्लिक केलं.

गाणं सुरू झालं. मावशी मांडीवर ताल धरत होत्या. पहिलं कडवं, दुसरं. तिसरं आलं, आणि आक्का शब्द न विसरता, न हसता, सरळ पुढे निघून गेली. मावशींचा हात थांबला. त्यांनी मान खाली घातली. सभेत सगळे डोळे मिटून ऐकत होते, चेहऱ्यावर दुःख होतं, आणि ऐकायला खरंच बरं होतं.

मी उठले आणि गाणं बंद केलं.

"अहो मॅडम! शोकसभा आहे!" कार्यवाह म्हणाले.

"म्हणूनच," मी म्हटलं. "हा माल त्यांनी नापास केलाय. तीनदा लेखी कळवलंय तुम्हाला." ताईंची फाइल माझ्या पर्समध्ये पेनड्राइव्हवर असायची, त्यांनीच ठेवायला दिलेली. मी ती लावली आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लावलं. कुणी चुळबुळ केली, कुणी घड्याळ बघितलं. तिसरं कडवं आलं. आक्का अडली. आक्का हसली.

मावशींनी मान वर केली. शोकसभा वगैरे काही त्यांच्या लक्षात नव्हतं. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हां! हीच ती."

सभेचं इतिवृत्त कार्यवाहांनी त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं आहे. त्यात एक वाक्य असं आहे, "तांत्रिक अडचणीमुळे गीत दोनदा वाजवण्यात आले." ताईंच्या टेबलाच्या खणात ठिपक्यांचा अर्धा कागद राहिला होता. त्यातला एक लाल ठिपका काढून मी त्या वाक्यासमोर चिकटवला आणि अंगठ्यानं दाबला.